किई द्वीपकल्पात सात दिवस : कोयासान, कुमानो, तेनकावा – गाडीच्या रोजच्या नोंदी

तयारी, सप्टेंबर-ऑक्टोबर 2024

माणसं तीन : मी, नवरा आणि माझी आई. आई 68 वर्षांची, गुडघे दुखरे, शुद्ध शाकाहारी. ओसाकाच्या दक्षिणेला किई द्वीपकल्प आहे. त्याच्या पोटातल्या डोंगरांमध्ये कोयासान, कुमानो, योशिनो ही तीर्थक्षेत्रं आहेत. 2004 मध्ये ती यात्रामार्गांसकट जागतिक वारसा यादीत गेली. बस आहेत, पण मोजक्या, आणि बसथांब्यापासून देवळापर्यंतची चढण आईला झेपली नसती. म्हणून भाड्याने गाडी घ्यायचं ठरलं. घरातलं वडीलधारं माणूस घेऊन कोणी असाच बेत आखत असेल, त्याच्यासाठी या नोंदी.

आंतरराष्ट्रीय वाहन परवाना पुण्यातच आरटीओतून काढला, फी 1000 रुपये. जपानला 1949 च्या जिनिव्हा करारानुसार दिलेला परवाना चालतो आणि भारत त्या करारात आहे, त्यामुळे आपली पुस्तिका तिथे चालते. मुदत एक वर्षाची, म्हणून फार आधी काढून ठेवू नका.

कागदावर एकूण अंतर 500 किलोमीटरच्या आसपास निघालं. सात दिवसांत, म्हणजे रोज सत्तर. पुणे-महाबळेश्वर एका सकाळीत करणाऱ्या आम्हाला हे फारच कमी वाटलं, म्हणून मी त्यात तामाकीचं डोंगरातलं देऊळ आणि इसेचं देवस्थानसुद्धा घातलं. सगळ्या प्रवासातली सगळ्यात मोठी चूक ही, आणि ती घरी बसून केलेली.

6 नोव्हेंबर, बुधवार. वाकायामा ते कोयासान

भाऊबीज उरकून निघालो होतो. साडेदहाला भाड्याच्या गाड्यांच्या दुकानात हजर. नवऱ्याने पुस्तिका काढली, पासपोर्ट काढला, आणि भारतातला मूळ परवाना घरीच राहिल्याचं तिथे कळलं. त्याशिवाय दुकान त्याचं नाव चालक म्हणून घालेना. म्हणजे सातही दिवस मी एकटीच चालवणार. तीनही कागद एकाच पिशवीत ठेवा आणि निघायच्या आदल्या रात्री पुन्हा बघा.

गाडी घेतली ती पिवळ्या पाटीची, 660 सीसीची छोटी. तीन माणसं आणि दोन मध्यम बॅगा कशाबशा मावतात. दुकानदार मोठी गाडी थोड्याच जास्त पैशांत देत होता, ती घेतली नाही. हा निर्णय बरोबर ठरला. इंडिकेटरची दांडी उजवीकडे, आपल्या मारुतीसारखीच, त्यामुळे हाताला नवं काही नव्हतं.

विम्याच्या वर आणखी एक छोटं संरक्षण असतं. गाडीला काही झालं आणि ती दुरुस्तीला थांबली, तर दुकानाच्या बुडलेल्या धंद्यापोटी 20,000 येन आपण द्यायचे, आणि गाडी चालवून परत आणता आली नाही तर 50,000. रोज 550 येन जादा भरले की हे माफ. मी नको म्हटलं. सात दिवसांचे 3,850 येन वाचवले. पुढे वाचा.

त्या माणसाने दोन गोष्टी बोट दाखवून तीन-तीनदा सांगितल्या. लाल उलटा त्रिकोण दिसला की गाडी पूर्ण थांबवायची, चाक फिरायचं बंद झालं पाहिजे. आणि रेल्वे फाटक उघडं असलं तरी त्याच्या आधी थांबायचंच. आपल्याकडची सवय पायात असते, पहिले दोन दिवस नवरा शेजारून मोठ्याने आठवण करून देत होता.

कागदपत्रांत दीड तास गेला, बारा वाजता निघालो. वाटेत आमानो नावाच्या खेड्यात निउत्सुहिमे देवीचं देऊळ आहे. कूकाई या आचार्याला कोयासानची जागा या देवीने दिली अशी कथा आहे, आणि वाट दाखवायला एक शिकारी भेटला, त्याच्यासोबत एक पांढरा आणि एक काळा कुत्रा. आई लगेच म्हणाली, "म्हणजे दत्तासारखंच की गं." भातखाचरं, कमानीचा लाल पूल आणि मागे सीडरची गर्द भिंत. गर्दी अजिबात नाही.

इथे तास सव्वातास रमलो आणि तोच तास संध्याकाळी नडला. नोव्हेंबरात इथे पाच वाजायच्या आत सूर्य मावळतो, आणि दरीत तर चारलाच उजेड सरतो. कोयासानच्या मठात पाचच्या आत पोचायचं असतं, साडेपाचला जेवण. 4:40 ला पोचलो, शेवटची वळणं दिवे लावून.

जेवण पूर्ण शाकाहारी, कांदा-लसूणसुद्धा नाही. तिळाचा तोफू म्हणजे गोमादोफू आईला इतका आवडला की माझ्या वाटचाही तिला दिला. सांगून ठेवते : मठाबाहेर पडलं की साध्या दिसणाऱ्या सूपमध्येही सुक्या माशाचा अर्क असतो. 'मांस नाही' एवढं सांगून भागत नाही, मासेही नकोत हे वेगळं सांगावं लागतं.

7 नोव्हेंबर, गुरुवार. ओकुनोइन आणि र्यूजिनचा घाट

सकाळी सहाला प्रार्थना, मग ओकुनोइन. दोन किलोमीटरची वाट, दोन्ही बाजूंना उंच सीडर आणि दोन लाखांहून जास्त समाध्या. कूकाईने 816 मध्ये सम्राटाकडून हा डोंगर मिळवला आणि 835 मध्ये तो इथेच ध्यानस्थ बसला. तो अजून ध्यानात आहे असं इथले लोक मानतात, दिवसातून दोनदा त्याच्यासाठी पेटीतून नैवेद्य जातो. साडेदहाचा नैवेद्य नेताना आम्ही पाहिला : पिवळ्या वस्त्रातले भिक्षू, खांद्यावर लाकडी पेटी, पायांचा आवाजही नाही. आईला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. "संजीवन समाधी," एवढंच ती म्हणाली, आणि आळंदीला उभी राहते तशी हात जोडून उभी राहिली.

समाध्यांवरच्या दगडी स्तंभांपाशी मात्र आम्ही अडकलोच. पाच दगड एकावर एक : खाली चौकोन, त्यावर गोल, त्यावर छपरासारखा, मग अर्धगोल आणि वर कळीसारखा. प्रत्येकावर एक अक्षर. ती जपानी अक्षरं नव्हेत, सिद्धम् लिपी आहे, ब्राह्मीच्या कुळातली, आपल्या देवनागरीची चुलत बहीण. आईने चष्मा पदराने पुसला आणि एका दगडावरचं शेवाळ न खरवडता बाजूबाजूने निरखत राहिली. "हा व आहे बघ. हा र." मठातल्या तरुण भिक्षूने आदल्या रात्री क्रम सांगितला होता : खालून अ, व, र, ह, ख. पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश. सगळी अक्षरं आम्हाला लागली नाहीत, पण व आणि र कुणालाही लागतील. या वाटेला दोन तास पुरत नाहीत. शेवटच्या पुलापलीकडे फोटो काढायचे नाहीत, टोपी काढायची.

बारा वाजता निघालो. कोया-र्यूजिन स्कायलाइन 42.7 किलोमीटरचा आहे, पूर्वी टोल होता, 2003 पासून फुकट. रस्ता रुंद, दोन पदरी, डोंगराच्या माथ्यावरून जातो. नवीन चालकाने हात बसवायला हाच घ्यावा. वर गोमादान शिखर, 1,372 मीटर. गोमा म्हणजे आपला होम, उच्चारात तेवढा फरक पडला. गोमादान म्हणजे होमाची वेदी. पराभूत ताइरा घराण्यातल्या कोरेमोरीने आपल्या कुळाचं पुढे काय होणार ते पाहायला इथे होम केला असं सांगतात. वर वारा इतका बोचरा की आई गाडीतून उतरलीच नाही. माथ्यावरची पानं गळून गेली होती, रंग बघायचे तर दहा दिवस आधी यायला हवं होतं. चारला र्यूजिनच्या गरम झऱ्यांच्या गावी. आज वेळ जुळली.

8 नोव्हेंबर, शुक्रवार. रस्ता क्रमांक 425

आज र्यूजिनहून होंगूला, कुमानोच्या देवळाच्या गावी, जायचं होतं. सरळ रस्ता दक्षिणेला नाकाहेचीकडे उतरून 311 क्रमांकाने. पण मी अजून तामाकीचा हट्ट सोडला नव्हता, म्हणून ते देऊळ ज्या तोत्सुकावा गावात आहे, त्यामार्गे जाऊ म्हटलं. फोनने पूर्वेला 425 दाखवला. राष्ट्रीय महामार्ग, निळी पाटी. मी निर्धास्त वळले.

जपानीत राष्ट्रीय मार्गाला 'कोकुदो' म्हणतात. त्याच उच्चाराचा, वेगळ्या अक्षराने लिहिलेला दुसरा शब्द लोकांनी बनवला आहे, त्याचा अर्थ क्रूर रस्ता. 425 हा त्यातला नावाजलेला. हे मला त्या रात्री कळलं.

पहिले दोन-तीन किलोमीटर ठीक. मग मधली पांढरी रेघ गेली, मग कडेची गेली, मग कठडाही तुटक झाला. एका गाडीची जेमतेम रुंदी. डावीकडे ओला कातळ, उजवीकडे खाली नदी. रस्त्यावर सुया, फांद्या, मुठीएवढे दगड. वळणावळणावर गोल आरसे आहेत, पण ते धुक्याने पांढरे. दर दगडाला नवरा खाली उतरून तो बाजूला करत होता. 50 मिनिटांत 11 किलोमीटर. आणि समोरून लाकडाचे ओंडके भरलेला ट्रक आला.

त्याला मागे जाणं शक्यच नव्हतं. मागच्या ओलांडण्याच्या जागेपर्यंत, साधारण 300 मीटर, मी रिव्हर्स घेतलं. नवरा मागे चालत, हाताने खुणा करत. आई मागच्या सीटवर पूर्ण गप्प, मला घाबरवू नये म्हणून. जागा आली तेव्हा मी उजवीकडच्या दरीपासून लांब राहायच्या नादात डावीकडे जास्त दाबली आणि मागचं दार सिमेंटच्या भिंतीला घासलं. हातभर लांब ओरखडा, रंग जाऊन पांढरं दिसायला लागलं. ट्रकवाला जाताना थांबला, खाली उतरला, पुढच्या दिशेला हात करून त्याने दोन्ही हातांची फुली केली.

तिथूनच परतलो. वळायला जागा मिळेपर्यंत आणखी वेळ गेला. परत र्यूजिनला पोचायला आणि मग 311 धरायला एकूण अडीच तास वाया. दुपारी दोनपर्यंत एकही दुकान नाही. बॅगेतला दिवाळीचा चिवडा आणि शंकरपाळी हेच जेवण. डोंगरात गाडीमध्ये खायला ठेवाच.

दुसरी चूक त्याच दिवशीची : ओरखडा छोटा, दुसरं कुणी गुंतलेलं नाही, म्हणून पोलिसांना कळवलं नाही. संध्याकाळी होंगूजवळच्या युनोमिनेच्या मुक्कामावरून दुकानाला फोन केला तर कळलं की पोलिसांत नोंद नसेल तर विमा लागूच होत नाही, दुरुस्तीचा सगळा खर्च आपल्याच गळ्यात. भिंतीला टेकलं तरी जागेवरूनच 110 लावायचा.

9 नोव्हेंबर, शनिवार. पोलीस चौकी, होंगू

सकाळी पहिलं काम चौकी. गावातल्या चौकीत पोलीस कुटुंबासकट राहतो, अंगणात मुलाची सायकल होती. त्याने नकाशा पसरला, कुठे घासलं ते बोटाने दाखवायला सांगितलं, दाराचे फोटो घेतले, दोन ठिकाणी फोन केले. भाषांतर फोनवरूनच. उशीर केला म्हणून रागावला नाही, पण पुढच्या वेळी लगेच कळवा हे दोनदा सांगितलं. तास गेला, नोंद झाली, माझ्या छातीवरचं ओझं उतरलं.

रात्री बसून बेत पुन्हा आखला होता. इसे रद्द, तामाकी रद्द. देवाने बोलावल्याशिवाय तामाकीला पोचता येत नाही असं इकडे म्हणतात. आई म्हणाली, "नाही आलं बोलावणं. पुढच्या वेळी." तिच्याइतकं सहज मला सोडता आलं नाही, पण सोडलं. नवा नियम दोन ओळींचा : 'रोज साडेतीनला गाडी थांबलेली हवी', आणि 'जिथे मधली रेघ नाही असा रस्ता आधी मुक्कामाच्या मालकाला विचारल्याशिवाय नाही'.

होंगूचं देऊळ 158 पायऱ्यांवर. आई थांबत थांबत वीस मिनिटांत चढली. वर एक काळी टपालपेटी आहे, तिच्यावर तीन पायांचा कावळा, कुमानोच्या देवांचा दूत. शेजारच्या झाडाचं नाव तारायो. पानाच्या पाठीवर काडीने लिहिलं की अक्षर तपकिरी उमटतं, म्हणून आपल्या ताडपत्रावरून हे नाव पडलं. तारा म्हणजे ताल, ताड.

मूळ देऊळ इथे नव्हतं. खाली नद्यांच्या संगमावर ओयुनोहारा नावाच्या वाळवंटात होतं. 1889 च्या महापुरात बरंचसं वाहून गेलं, उरलेलं 1891 मध्ये या टेकाडावर आणलं. जुन्या जागी आता 33.9 मीटर उंचीची तोरी, म्हणजे देवळाची कमान, आहे, भातखाचरांमध्ये एकटी. 'संगमावरचं वाळवंट' हे शब्द मी उच्चारले आणि आईने चंद्रभागेकडे वळायला वेळ लावला नाही. आम्ही तिथे तासभर नुसते बसलो. वरच्या देवळापेक्षा मला ही जागा जास्त भिडली.

संध्याकाळी युनोमिने. गावाच्या मधोमध उकळत्या झऱ्याचं दगडी टाकं आहे. जाळीच्या पिशवीत अंडी, बटाटे घालून दोरीने सोडायचे. आईने बटाटे उकडून मीठ-तिखट लावून खाल्ले. चार दिवसांत तिचं पोट पहिल्यांदा नीट भरलं असावं.

10 नोव्हेंबर, रविवार. शिंगू, नाची

होंगूतला पंप रविवारी बंद. टाकीत दोन काड्या. 168 क्रमांकाने 35 किलोमीटर खाली शिंगूला जाऊन भरलं. शनिवारी दुपारीच टाकी भरून घ्या. साध्या पेट्रोलची नळी लाल, डिझेलची हिरवी, 'रेग्युरा मानतान' म्हटलं की पूर्ण टाकी.

शिंगूत हायातामाच्या देवळात दर्शन. नवरा जवळच्या कामिकुरा देवळाच्या 538 दगडी पायऱ्या चढून आला. त्या पायऱ्या म्हणजे जवळजवळ भिंतच, उतरताना तो आडवा उतरत होता. आईला तिथे नेऊ नका.

या सगळ्यात नाचीला पोचायला पावणेबारा झाले, रविवार, गाड्यांची रांग, 50 मिनिटं जागेवर. इथे साडेआठच्या आत यायला हवं होतं. 800 येन देऊन देवळाजवळच्या वरच्या वाहनतळापर्यंत गाडी नेता येते, आईसाठी ते पैसे सार्थकी लागले.

धबधबा 133 मीटर, एकाच उडीत खाली. त्याच्यासमोर तोरी आहे आणि मागे देऊळ नाही. धबधबा हाच देव. माथ्यावर पवित्र दोर बांधलेला, तो वर्षातून दोनदा बदलतात. शेजारच्या सेइगान्तोजी मंदिराची स्थापना भारतातून वाहत आलेल्या एका साधूने केली अशी परंपरा आहे. जपानी आजीबाईंच्या एका घोळक्याने आम्ही भारतातले हे ऐकल्यावर आईला हे खुणांनी सांगितलं, धबधब्याकडे बोट, मग आईकडे बोट. आईने प्रत्येकीच्या हातावर शंकरपाळी ठेवली.

11 नोव्हेंबर, सोमवार. तोत्सुकावा

नाचीजवळच्या कात्सुउराहून आठला निघालो. 168 नेच पुन्हा वर. नवे बोगदे आणि जुने अरुंद तुकडे आलटून पालटून येतात, पण मधल्या रेघेचा भरवसा बराच. तोत्सुकावा हे एकच गाव 672 चौरस किलोमीटर, मुंबईपेक्षा मोठं, आणि जवळजवळ सगळं जंगल. होंगूचं देऊळ वाहून नेणाऱ्या 1889 च्या त्याच पुराने इथले डोंगर कोसळले. तेव्हा अडीच हजारांच्या आसपास माणसं उठून थेट होक्काइदोला गेली आणि तिथे शिन-तोत्सुकावा, म्हणजे नवं तोत्सुकावा, वसवलं. 2011 च्या वादळातही हे खोरं ढासळलं. ओरखडे पडलेले उतार आजही रस्त्यावरून दिसतात, जाळ्यांनी बांधलेले.

तानिझेचा झुलता पूल 297 मीटर लांब, नदीपासून 54 मीटर वर. नदीवरचे ओंडक्यांचे साकव दर पुरात वाहून जायचे, म्हणून 1954 मध्ये गावकऱ्यांनी स्वतःच्या खिशातून पैसे घालून हा बांधला. मधे चार फळ्यांची वाट, बाजूला जाळी. पाऊल पडलं की फळी खटकते आणि पुढच्या माणसाचं पाऊल आपल्या पायाला कळतं. आई पाव वाटेपर्यंत आली, तारेला हात लावून उभी राहिली, नदी पाहिली आणि परतली.

वाटेतल्या रस्त्याकडेच्या विश्रांती-विक्री केंद्रावर आईने रताळी घेतली, सव्वा किलो. उद्या कार्तिकी एकादशी. सव्वाचारला दोरोगावाला, मुक्कामाच्या गावी. नियमापेक्षा पाऊण तास उशीर, पण उजेडात.

12 नोव्हेंबर, मंगळवार. दोरोगावा, तेनकावा, परत

मालकिणीने सकाळी रताळी उकडून दिली, सालासकट, बांबूच्या टोपलीत. आमच्या उपासाचं तिला भाषांतर करून सांगितलं तर तिने समजून मान डोलावली. हे यामाबुशींचं, डोंगरातल्या तपस्व्यांचं गाव. इथे दारानीसुके नावाच्या कडू काळ्या गोळ्या मिळतात, नाव आपल्या 'धारणी' मंत्रावरून. वरच्या सांजो शिखरावर, 1,719 मीटर, बायकांना आजही जाऊ देत नाहीत. वेशीवरच्या फाटकापाशी तशी पाटी आहे. मला ते पटलं नाही, आणि आईलाही नाही.

तेनकावाचं देऊळ बेन्झाइतेनचं, म्हणजे सरस्वतीचं. वाद्यं वाजवणारे, नाट्यकलावंत इथे येतात, गाभाऱ्यासमोर नोह या जुन्या जपानी नाट्यप्रकाराचा रंगमंच आहे. आईने 'या कुन्देन्दु' म्हटलं, मोठ्याने नाही, पण पूर्ण. मग दोर हलवून तिथली तीन गोळ्यांची घंटा वाजवली. तिचा नाद बसत नाही, खुळखुळतो.

दुपारी खाली उतरून वाकायामा. गाडी 4:40 ला दिली. एकूण 512 किलोमीटर, पेट्रोल सुमारे 30 लिटर, 5,400 येन. गाडीचं भाडं 52,000. पोलिसांची नोंद असल्याने दाराचा खर्च विम्याने उचलला, पण बुडलेल्या धंद्याचे 20,000 येन जागेवर भरावे लागले. आम्हाला 100 येन साधारण 58 रुपयांना पडले, म्हणजे 11,600 रुपये. पावतीच्या मागे आईने दोन ओळी लिहून घेतल्या आहेत : तामाकीला जायचा साधा रस्ता कोणता ते मालकिणीने सांगितलेलं, आणि तो कुठल्या महिन्यात बंद असतो ते.